तापीच्या वाऱ्याशी सेटिंग

मे महिन्यात खान्देशात कोण जातं असं घरी सगळ्यांनी विचारून झालं. माझं उत्तर एकच, विंडसर्फिंगला वारा लागतो आणि तो मे महिन्यातच असतो. थंडीत तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला पक्षी बघणाऱ्यांची गर्दी असते, पण तेव्हा पाणी ढिम्म हलत नाही, शीड उचलून नुसतं उभं राहायचं आणि बदकं मोजायची. मे अर्धा सरला की दुपारी जमीन तापते आणि पश्चिमेकडून तापीच्या खोऱ्यातून वारा सुटतो, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि हा मधल्या पट्ट्यातून मोकाट. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा हा वारा काय चीज आहे ते, एका दुपारीत उभी बाग आडवी होते, म्हणून तर तिकडे बागेच्या कडेला शेवरी लावतात वारा अडवायला.

मी विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून पाण्यावर पळणं, शिकलो गोव्यात. तिथला वारा समुद्रावरून येतो, एकसारखा, सभ्य. खान्देशचा वारा जमिनीवरून येतो, शेतं, गावं, टेकड्या सगळं ओलांडून, त्यामुळे तो झटक्या-झटक्याने येतो. आता १२ नॉट, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर, दहा सेकंदांनी १८, परत १२. आणि शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा दीडपट झाला तर ओढ सव्वादोन पट. हात खांद्यातून निघतील की काय असं होतं. म्हणून या ट्रिपला ठरवलेलं की नवीन शीड वगैरे काही घ्यायचं नाही, हाताशी आहे त्याच जुन्या साडेसहा स्क्वेअर मीटरच्या शिडाला इथल्या वाऱ्यासाठी तयार करायचं, आधी स्थिर, मग फास्ट. फास्ट आपोआप होतं असं माझं मत आहे, कारण शीड हातात नीट बसलं नाही तर माणूस वेगाला घाबरून स्वतःच ते सोडून देतो.

पुण्याहून नाशिक, सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर करत साक्री असा मुद्दाम आडवाटेने गेलो. कारण ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या. गाडीच्या टपावर बोर्ड, शीड धरायचा आडवा दांडा म्हणजे बूम, आणि मास्टचे दोन तुकडे बांधलेले. चहाला थांबलो तर टपरीवरच्या एका बाबांनी मास्टकडे बोट दाखवून विचारलं, "हाई काय शे भो, बोरना पाईप का?" म्हटलं नाही बाबा, शिडाची काठी आहे, पाण्यावर जायला. त्यांनी लांब पसरलेल्या कोरड्याठाक पठाराकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही.

पवनचक्क्यांचं काम असं की त्यांच्या पात्याकडे जवळून नीट बघा, पातं सरळ नसतं, मुळापासून टोकापर्यंत पिळलेलं असतं. टोक मुळापेक्षा खूप जोरात फिरतं, त्यामुळे त्याला वारा वेगळ्या कोनातून लागतो, म्हणून कोन बदलत न्यायला लागतो. शिडाचंही तेच. पाण्याच्या पृष्ठभागापाशी वारा मंद असतो, चार-साडेचार मीटरवर जास्त, आणि आपण पुढे पळत असल्यामुळे खालच्या भागाला वारा जास्त समोरून लागतो, वरच्या भागाला जरा मागून. म्हणजे शिडाचा शेंडा थोडा उघडलेला पाहिजे, पिळलेला. आणि वादळी वाऱ्यात पवनचक्की पाती फिरवून वारा सोडून देते, तसं शिडानेही झटका आला की वरून वारा सोडून द्यायला हवा. नव्या माणसाला हे डोळ्यांना पटत नाही. शीड बांधल्यावर मागची कड, म्हणजे लीच, वरच्या बाजूला सैल फडफडताना दिसली की लगेच वाटतं हे ढिलं राहिलं, अजून ताणा. अरे शीड खाली ताणूनच तर मास्ट वाकून ते सैल झालंय! केळीचं पान बघा, वारा आला की शिरेशिरेने फाटतं, वाऱ्याला वाट देतं, म्हणून झटका थेट खोडावर येत नाही, तेच काम सैल लीच करते.

साक्रीहून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, सरळ जुना सहा नंबरचा हायवे. धुळ्यात शेवभाजी खाल्ली, लालभडक तर्री, ४२ डिग्रीत का खाल्ली विचारू नका. रात्री फैजपूरला मामांकडे.

आता तांत्रिक भाग, कंटाळा असेल त्यांनी चांगदेव गावापर्यंत उडी मारा.

शिडाच्या तळाशी छापलेलं असतं, लफ, म्हणजे मास्टकडची पुढची कड, किती, बूम किती, मास्ट कुठला. माझ्या शिडावर लफ ४६६, बूम १९२, मास्ट ४६० सेंटीमीटर, आयएमसीएस २५. आयएमसीएस म्हणजे मास्टच्या कडकपणाचा नंबर, जेवढा मोठा तेवढा मास्ट कडक. पण नुसता नंबर जुळून भागत नाही, मास्ट वाकतो कसा हे जास्त महत्त्वाचं. काही सगळीकडे सारखे वाकतात, काहींचा शेंडा कडक, काहींचा शेंडा लवचिक, आणि शीड बनवणारा पुढच्या कडेला ठराविक गोलाई ठेवतो, ती एका ठराविक वाकण्यासाठीच. माझा मास्ट दुसऱ्याच कंपनीचा, जुन्या बाजारातला, त्याचा शेंडा कडक असणार असा मला संशय होताच, कारण डाऊनहॉल, म्हणजे शीड खाली मास्टच्या बुडाकडे ताणणारी दोरी, कितीही ओढला तरी वरची लीच उघडत नव्हती, शिडाचा वरचा भाग फुगलेला राहायचा आणि झटक्यात सगळं वजन डोक्यावरून ओढायचं.

मोजायची पद्धत सोपी आहे. मास्टची दोन्ही टोकं टेकवायची, बरोबर मध्यावर ३० किलो वजन टांगायचं आणि किती वाकला ते बघायचं, मध्यावर, शेंड्याकडून पाव अंतरावर आणि बुडाकडून पाव अंतरावर. मग पाव अंतरावरचं वाकणं मध्यावरच्या किती टक्के ते काढायचं. शेंड्याच्या आणि बुडाच्या टक्क्यांत साधारण बाराचा फरक असेल तर मास्ट सगळीकडे सारखा वाकणारा, फरक खूप कमी तर कडक शेंड्याचा. मामांच्या ओट्यावर दोन लाकडी घोड्या लावल्या, आणि ३० किलो म्हणजे काय, तर केळीचे दोन छोटे घड आणि वर वजनकाट्यावर हिशोबाने टाकलेले दगड. गल्लीतली पोरं जमली. मामी म्हणाल्या, "अरे केळी पिकवायला टांगल्या का?" मामेभाऊ टेप घेऊन आकडे सांगत होता, आणि संशय खरा निघाला, फरक जेमतेम सहा-सात टक्के. शेंडा कडक.

नवा मास्ट महाग, आणि इकडे मिळणार कुठे. मग दुसरा उपाय, मास्ट शिडासारखा वाकत नाही ना, तर शीड मास्टसारखं करायचं. मास्ट वर कमी वाकतो म्हणजे शिडाच्या वरच्या पुढच्या कडेची गोलाई त्याला जास्त होते, तो जास्तीचा कपडा मागे ढकलला जातो आणि फुगा होतो. ती गोलाई वरच्या तिसऱ्या भागात थोडी कमी करायची, बस. थोडी म्हणजे सेंटीमीटरभर, इथे एक सेंटीमीटर फार असतो.

भुसावळला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक चाचा आहेत, मामांच्या ओळखीचे. जड मशीन, जाड पॉलिएस्टर दोरा, सगळं होतं त्यांच्याकडे. शीड जमिनीवर पसरलं, मास्टच्या बाहीची शिवण वरच्या दोन बॅटनच्या, म्हणजे शिडातल्या आडव्या पट्ट्यांच्या, मध्ये उसवली, आणि खडूने नवी रेघ मारली, मध्ये आठ-दहा मिलिमीटर आत आणि दोन्ही बाजूंनी निमुळती होत शून्यावर. चाचांना एकच गोष्ट परत परत सांगावी लागली, टाके लांब घाला. शिडाचा पारदर्शक भाग म्हणजे मोनोफिल्म, त्यात सुई जितक्या जवळ जवळ भोकं पाडेल तितकी फाटायची तयार रेघ होते, ताडपत्रीला उलट आखूड टाका चांगला. चाचांनी मान डोलावली, मशीन सेट केलं, आणि काम बघून म्हणाले, "भाऊ, याच्यात पाणी थांबणार नाही, मग ही कशाची ताडपत्री?" पैसे ताडपत्रीच्याच रेटने घेतले.

तिथूनच शेजारच्या दुकानातून ठिबकची १२ एमएमची नळी घेतली हातभर. बूमला हार्नेसची दोरी असते ना, जिच्यात कमरेचा हूक अडकवून आपण अंगाचं वजन टाकतो, तिच्यावर ही नळी चढवली. उन्हात ठेवली की नरम पडते, हवा तसा बाक देता येतो, आणि दोरी झिजत नाही. जळगाव जिल्ह्यात ठिबक मिळणार नाही असं गाव शोधून दाखवा.

आणि मग चांगदेव. पूर्णा आणि तापीचा संगम, काठावर काळ्या दगडाचं जुनं मंदिर, आणि पश्चिमेला हतनूरपर्यंत पसरलेलं पाणी. ज्या चांगदेवांच्या स्वागताला ज्ञानेश्वर आणि भावंडं भिंतीवर बसून गेली, त्यांच्या गावात फायबरची फळी चालवायला काय हरकत आहे. सेफ्टीच्या दृष्टीने जागा बरी, वारा पश्चिमेचा म्हणजे काही झालं तरी तो तुम्हाला परत काठाकडेच ढकलतो. धरणाच्या बाजूला जायचंच नाही. गावात आधी विचारलं, मग मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना जाळी कुठे लावलीत ते विचारलं, कारण बोर्डाखालचं फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं, जाळ्यात अडकलं की त्यांचं जाळं फाटणार आणि आपण तोंडावर. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "काय करून राह्यले भाऊ, मोटर कुठी हाये याची?" वाऱ्यावर चालतं म्हटल्यावर तो काठावर बसूनच राहिला, निकाल बघायला.

शीड बांधलं. बॅटन एवढ्याच ताणल्या की उभ्या सुरकुत्या जातील, जास्त नाही, जास्त ताणलं की दिशा बदलताना बॅटन मास्टभोवती फिरायलाच तयार होत नाही, टोक मास्टच्या मध्याच्या आसपास आलं की बास. मग डाऊनहॉल, कप्पीतून दोरी घेऊन अक्षरशः पाय रोवून, अर्धा अर्धा सेंटीमीटर. आणि या वेळी वरची लीच उघडली! वरच्या तीन बॅटनच्या मधे सैल, शिडाचा पोटाचा भाग पुढे सरकला आणि तिथेच थांबला. डाऊनहॉलने ही जागा पक्की होते, झटका आला तरी पोट मागे सरकत नाही, आणि ते मागे सरकलं नाही की मागच्या हातावर ओझं येत नाही. स्थिरपणा म्हणतात तो एवढाच. आऊटहॉल, म्हणजे शीड बूमच्या मागच्या टोकाकडे ताणणारी दोरी, उलट हलका ठेवला, दोन सेंटीमीटरच, कारण तो खालचं पोट सपाट करतो आणि १२ नॉटच्या शांततेत बोर्ड उचलायला तेच पोट लागतं. बहुतेक लोक झटक्याला घाबरून आऊटहॉल ओढतात आणि डाऊनहॉल तसाच ठेवतात, मला विचाराल तर नेमकं उलटं करायला पाहिजे.

अजून एक गंमत. हवा तापली की पातळ होते. ४२ डिग्रीला, तेही समुद्रसपाटीपासून दोनशे मीटर वर, हवेची घनता १५ डिग्रीच्या समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण १० टक्के कमी. म्हणजे मीटर १५ नॉट दाखवत असेल तर ओढ १४ चीच. म्हणून पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा इथे शीड थोडं मोठंच बरं, फक्त त्याला झटका सोडता आला पाहिजे.

साडेतीनला वारा लागला. बूम खांद्याच्या उंचीला, मास्टचं बूड ट्रॅकच्या, म्हणजे बोर्डावरच्या ज्या खाचेत ते सरकतं तिच्या, मध्यापेक्षा जरा पुढे, म्हणजे बोर्डाचं नाक उसळत नाही. पहिला झटका आला तेव्हा सवयीने शीड सोडायला हात तयारच होते, पण गरज पडली नाही, वरचा शेंडा उघडला, वारा सटकला, आणि जो जोर एरवी मला पाडण्यात जायचा तो बोर्डाला पुढे ढकलण्यात गेला. बोर्ड पाण्यावर चढला आणि पळत सुटला. नंतर मास्टचं बूड मागे घेऊन पाहिलं, वेग वाढला, पण छोट्या उभ्या लाटांवर बोर्ड उडायला लागला, परत पुढे आणलं. जीपीएसवर जास्तीत जास्त २२ नॉट, ताशी ४० किलोमीटर. नामिबियात ल्युडरित्झला खास खणलेल्या कालव्यात फ्रेंच विंडसर्फर आंत्वान अल्बोने २०१५ मध्ये ५३.२७ नॉट काढले होते, तेव्हा आपण आपली पायरी ओळखून राहावं, पण पूर्णा-तापीच्या संगमावर ताशी ४० हेही काही कमी नाही.

काठावर आलो तर तो भोई भाऊ अजून बसलेला. म्हणाला, "चालते खरं. पण माल कुठी ठेवता?" माल ठेवायला जागा नाही हे ऐकून त्याचा इंटरेस्ट संपला आणि तो जाळी काढायला गेला.

जायचं असेल त्यांच्यासाठी: जूनचा पहिला आठवडा संपायच्या आत उरका, पाऊस लागला की हतनूरचे दरवाजे उघडतात आणि मग त्या पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही. लाइफ जॅकेट घाला. सकाळी अकरानंतर उन्हामुळे काठावर उभं राहायची सुद्धा सोय नाही, पण वारा दुपारी तीन ते सहाच असतो. बुडालेल्या झाडांची खोडं पाण्याखाली आहेत, म्हणून फिन आखूड आणि मागे झुकलेलं लावा. माझं फिन ३८ सेंटीमीटरचं आहे, आता ३२ चं शोधतोय, कोणाकडे जुनं पडलं असेल तर सांगा, नाहीतर मामेभाऊ जी१० ची, म्हणजे फायबरग्लासची, शीट घासून बनवू म्हणतोय आणि मला त्याची भीती वाटतेय.