तिघांची टोळी: फायटर, क्लेरिक आणि रोग

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या साहसकथेच्या खेळाची पाचवी आवृत्ती (२०१४ची) आणि तीनच नवखे खेळाडू असतील, तर फायटर (लढवय्या), लाइफ डोमेनचा, म्हणजे जखमा भरण्यात तरबेज क्लेरिक (पुजारी) आणि रोग घ्या. (रोग म्हणजे आजार नव्हे, चोरटा!) विझार्डचा (जादूगाराचा) मोह सगळ्यांनाच होतो, पण मंत्र निवडण्यातच अर्धी संध्याकाळ जाते आणि पहिल्या लेव्हलला गडी दोन फटक्यांत आडवा होतो.

फायटरला चेन मेल (कड्यांचं चिलखत) आणि ढाल द्या; आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १८. गॉब्लिनला (छोट्या राक्षसाला) हल्ल्यावर +४ असतात, म्हणजे त्याला वीस बाजूंच्या फाशावर निदान १४ पडायला हवेत.

घोळ होतो तो रोगचा. स्नीक अटॅकसाठी (रोगच्या जादा इजा करणाऱ्या वारासाठी) दरवेळी लपावं लागत नाही. हातात रेपियर (बारीक तलवार) किंवा शॉर्टबो (छोटं धनुष्य) असावं, शत्रूच्या पाच फुटांत आपला गडी उभा असावा आणि डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरणं) नसावा. इजेला जादा १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) मिळतो. नवखे मात्र फायटरच्या आधीच एकटे घुसतात, मग जादा फासाही जातो आणि जीवही.

क्लेरिककडे स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) दोनच. ओरखड्यांवर उडवू नका. हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र बोनस अ‍ॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा झटपट कृतीत) ६० फुटांवरून चालतो, त्यामुळे पडलेल्याला उठवून त्याच पाळीत गदाही हाणता येते.

आणि डीएमसाठी (खेळ चालवणाऱ्यासाठी): तयार साहसं बहुधा चार-पाच जणांसाठी असतात. पहिल्या लेव्हलच्या तिघांपुढे दोन गॉब्लिन ही मध्यम लढाई. तिसरा आला की नियमांच्या हिशेबात ती थेट ‘डेडली’ (जीवघेणी).