कॉलरवरचा नंबर

लग्नानंतर मी लंडनला आले, आणि सासऱ्यांच्या जुन्या अल्बममध्ये मला तो फोटो सापडला. तळहातात मावेल एवढा पुठ्ठा, त्यावर हेल्मेट घातलेला पोलीस आणि मागे लंडनच्याच इस्लिंग्टन भागातल्या एका स्टुडिओचा पत्ता. "हे माझे पणजोबा," सासरे म्हणाले. पण १८८१ च्या जनगणनेत पणजोबांचा धंदा बूट शिवण्याचा लिहिलेला आहे. मग गणवेशातला हा माणूस कोण? चार पिढ्या त्याला चुकीच्या नावाने ओळखत आलो असू, या विचाराने मला चैन पडेना.

फोटो मोठा करून स्कॅन केला. उभ्या कॉलरवर 'एन' हे अक्षर आणि पुढे तीन आकडे. एन म्हणजे मेट्रोपॉलिटन पोलिसांचा, म्हणजे लंडनच्या पोलीस दलाचा, इस्लिंग्टन विभाग, म्हणजे स्टुडिओच्या पत्त्याशी जुळत होतं. शेवटचा आकडा तीन की आठ, हे मात्र कळेना. भिंग घेऊन, खिडकीशी फोटो तिरका धरून कितीतरी वेळ बघितला, तेव्हा डाव्या बाजूची पुसट गोलाई दिसली. आठच.

आता नंबर मिळाला म्हणजे माणूस मिळाला, असं मी धरून चालले. ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टातल्या खटल्यांचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे वृत्तांत घरबसल्या वाचता येतात. साक्ष देणाऱ्या पोलिसाच्या नावापुढे त्यात बहुतेक वेळा विभागाचं अक्षर आणि नंबर असतो. १८६० च्या दशकातल्या एका चोरीच्या खटल्यात माझा नंबर सापडला. त्या शिपायाच्या मागे मी दोन महिने घालवले. जन्म, लग्न, मुलं, सगळं शोधलं. आमच्या घराण्याशी कुठेच धागा जुळेना.

चूक माझीच होती. नोकरीभर कायम राहतो तो वॉरंट नंबर. कॉलरवरचा नंबर विभागाचा असतो. एक जण बदलून गेला की तोच दुसऱ्याच्या गळ्याशी येतो. म्हणजे आधी फोटोचा काळ ठरवायला हवा होता.

मग मी चेहरा सोडून कपडे बघायला लागले. उंच टोपी जाऊन हेल्मेट आलं ते १८६० च्या दशकात. बाहीवर सार्जंटच्या पट्ट्या नाहीत, म्हणजे साधा कॉन्स्टेबल. डाव्या मनगटावरची पट्ट्यापट्ट्यांची फीत मला आधी सुतकाची वाटली होती. ती ड्युटीवर असल्याची खूण निघाली. (ड्युटीवरूनच तो स्टुडिओत शिरला, की फोटोसाठी मुद्दाम बांधली, हे मला अजून जाणून घ्यायचंय.) आणि छातीवर, बटणांच्या मधून निघालेली बारीक साखळी. शिट्टीची! लंडनच्या पोलिसांना लाकडी रॅटलऐवजी (फिरवून खडखडाट करायचा खुळखुळा) शिट्टी मिळाली ती १८८५ च्या सुमारास. माझा पहिला शिपाई तिथेच बाद झाला. शिवाय राणी व्हिक्टोरियाच्या १८८७ च्या ज्युबिलीला, म्हणजे राज्याच्या पन्नाशीला, नोकरीतल्या पोलिसांना पदक मिळालं होतं, ते या छातीवर नाही. म्हणजे फोटो बहुधा त्याआधीचा.

पुन्हा ओल्ड बेली. १८८६ च्या एका खटल्यात तोच नंबर होता, नाव मात्र वेगळं. आडनाव वाचलं आणि माझे हात थांबले. सासऱ्यांच्या पणजीचं माहेरचं आडनाव!

नुसत्या आडनावावर विसंबायचं नाही, हे दोन महिन्यांनी शिकवलं होतं. लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मेपो २१ या क्रमांकाखाली पेन्शन घेतलेल्या पोलिसांची कागदपत्रं आहेत. त्याच्या कागदावर उंची, केसांचा रंग आणि आईवडिलांची नावं होती. पणजीच्या लग्नाच्या दाखल्यावर वडिलांचं जे नाव, तेच इथे. पणजीचा सख्खा भाऊ.

सासऱ्यांना दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी अल्बममधून पणजीचा फोटो काढला आणि त्या पोलिसाच्या शेजारी लावला. पाकिटावर मी पेन्सिलीने त्याचं नाव लिहिलं, आणि खाली, कशावरून ओळखला तेही.