तुम्ही विचारलंत म्हणून: मूर्तीच्या वादाला वेगळा मध्यस्थ कशाला?

जमिनीचे, भाऊबंदकीचे वाद मिटवणाऱ्याला मूर्तीचा किंवा चित्राचा वाद का झेपू नये, असं आम्हाला नेहमी विचारतात. झेपेल की. फक्त आधी एक सवय मोडावी लागते. पैशाच्या वादात आकडा ओढून मध्यावर आणता येतो. मूर्तीचा मध्य कुठला काढणार?

म्हणून मध्यस्थांच्या प्रशिक्षणात आम्ही ‘वस्तू कोणाची?’ हा प्रश्न आधी फोडायला शिकवतो. मालकी कोणाच्या नावावर, वस्तू राहणार कुठे, खर्च कोणाचा, पाटीवर काय लिहायचं? स्वित्झर्लंडमधल्या 1712च्या युद्धात झुरिकने सांक्ट गालेनच्या मठातून हस्तलिखितं आणि एक भलामोठा पृथ्वीगोल नेला. वाद मिटला 2006 साली, स्विस संघराज्याच्या मध्यस्थीने. सांक्ट गालेनने झुरिकची मालकी मानली. झुरिकने काही हस्तलिखितं दीर्घ मुदतीसाठी विनामूल्य दिली आणि गोलाची हुबेहूब प्रतिकृती स्वखर्चाने करून दिली. नुसत्या मालकीवर भांडत बसले असते तर हे सुचलंच नसतं.

दुसरं, कागद वाचणं. युरोपातल्या चित्राच्या मालकीसाखळीत, म्हणजे ते कोणाकडून कोणाकडे गेलं या नोंदीत, 1933 ते 1945 हा नाझी राजवटीचा काळ कोरा असेल किंवा नुसतंच ‘खासगी संग्रह’ लिहिलं असेल, तर तिथे बोट ठेवता आलं पाहिजे. निवाडा द्यायचा नाही, पण कोणाला बाजूला घेऊन काय विचारायचं हे कळायला हवं.

बोलणी फिसकटतात ती बहुधा अधिकारावरून. संग्रहालयाचे संचालक सगळं कबूल करतात आणि मग कळतं, वस्तू संग्रहातून काढायला विश्वस्तांची, कधी सरकारची मंजुरी लागते. समोर समाजाच्या वतीने आलेल्यांना तो समाज प्रतिनिधी मानतो का, हाही प्रश्न असतोच. दोन्ही गोष्टी पहिल्या बैठकीआधी लेखी घ्यायच्या.

सगळ्यात जास्त वेळ कराराच्या मसुद्यावर घालवतो. ‘वस्तू परत करण्यात येईल’ एवढ्याने भागत नाही. पेटी कोण बनवणार, विमा भिंतीवरून उतरवल्यापासून पलीकडे लागेपर्यंत कोणाचा, निर्यात परवाना कोण काढणार, दोन्ही टोकांना फोटोंसह स्थिती-अहवाल (वस्तू कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद) कोण करणार? आणि पाटी! ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीलच्या, नाझी काळात लुटल्या गेलेल्या ‘वॉली’ या चित्राच्या 2010च्या तडजोडीत मूळ मालकिणीच्या वारसांना 1 कोटी 90 लाख डॉलर दिले गेले, चित्र व्हिएन्नाच्या लिओपोल्ड संग्रहालयाकडेच राहिलं. पण शेजारी त्याचा खरा मालकी-इतिहास सांगणारी पाटी लावायचं बंधन आलं. ‘संपादित’ (म्हणजे मिळवलेलं) लिहायचं की ‘लुटलेलं’, यावर सरावात तास न् तास जातात. तरी तो मजकूर शब्दशः परिशिष्टात घालूनच उठायचं. ‘नंतर ठरवू’ म्हटलं की त्याच पाटीवरून वाद पुन्हा पेटतो.