एका किडनीला दोन आर्टरी : ताईला किडनी देतानाचा माझा अनुभव

ताईला माझी डावी किडनी दिली त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हापासून ओळखीच्या ओळखीतून बरेच फोन येतात, कोणाचा मुलगा डायलिसिसवर असतो, कोणाची बायको, आणि सगळे विचारतात ते खर्चाचं, कागदपत्रांचं आणि दुखतं किती याचं. ते सांगतोच, पण सीटी अँजिओबद्दल, म्हणजे किडनीच्या रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनबद्दल, कोणी विचारत नाही आणि आमचं सगळं गाडं तर तिथंच अडलं होतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आम्ही तासगावकडचे, द्राक्षबाग आहे. ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, तिला आयजीए नेफ्रोपॅथी हा किडनीचा आजार निघाला आणि बघता बघता दोन्ही किडन्या गेल्या. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिस. दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा पण आला आणि आमटी पण. उन्हाळ्यात ती बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायची ते मला बघवायचं नाही. दाजी द्यायला तयार होते पण त्यांचा ग्रुप बी आणि ताईचा ओ, आईला शुगर, म्हणजे राहिलो मी. माझा पण ओ. एचएलए टेस्ट, म्हणजे दोघांच्या पेशी किती जुळतात ते बघणारी, केली तर अर्धं मॅच आलं. भावंडांत पूर्ण मॅच व्हायचा चान्स चारात एक असतो, अर्धं पण चालतं असं डॉक्टर म्हणाले, क्रॉसमॅच (ताईचं रक्त माझ्या पेशींना विरोध करतं का ते बघतात) निगेटिव्ह म्हणजे चांगला आला आणि मग माझ्या तपासण्यांची रांगच लागली. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून द्यायची, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, छातीचा एक्स-रे, मानसोपचार तज्ज्ञांशी बोलणं, आणि डीटीपीए स्कॅन ज्यात कोणती किडनी किती टक्के काम करते ते कळतं. माझी डावी ४८ आणि उजवी ५२, म्हणजे जवळपास सारख्या. फरक जास्त असला तर चांगली किडनी देणाऱ्याकडेच ठेवतात हा नियम तेव्हा कळला आणि माझ्या बायकोला पहिल्यांदा जरा धीर आला.

सीटी अँजिओ फेब्रुवारीत केला, बागेचा माल निघत होता म्हणून पुण्याला परत परत जाणं जमेना, तर जवळच्याच एका सेंटरला करून घेतला. उपाशीपोटी जायचं, हातात जाड सुई, त्यातून औषध सोडलं की घशापासून खाली सगळं अंग गरम होतं आणि कपड्यातच लघवी झाली असं वाटतं, तसं काही झालेलं नसतं, घाबरू नका. दहा मिनिटांचं काम. रिपोर्ट आला, दोन्ही बाजूंना एक एक आर्टरी, म्हणजे किडनीला रक्त आणणारी वाहिनी, सगळं नॉर्मल. आम्ही पेढे आणायचेच बाकी ठेवले होते.

पुण्यात सर्जन सरांपुढे फाईल ठेवली तर त्यांनी रिपोर्टचा कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "हे राहू दे, सीडी कुठाय?" सीडी आम्ही आणलीच नव्हती. दाजींनी दुसऱ्या दिवशी भाच्याला एसटीत बसवून सीडी मागवली. सर स्वतः कॉम्प्युटरवर एक एक चित्र वरखाली करत बसले, रेडिओलॉजीच्या मॅडमना पण बोलावलं, पाच मिनिटं कोणी बोलेना. मग सरांनी पेनाचं टोक स्क्रीनवर टेकवलं आणि म्हणाले, "दादा, तुमच्या डाव्या किडनीला दोन आर्टरी आहेत." मोठी जिथं होती त्याच्या दोनेक बोटं खाली एक बारीक पांढरी रेघ, दोन एमएमची असेल नसेल, मधल्या मोठ्या रक्तवाहिनीतून निघून सरळ किडनीच्या खालच्या टोकात शिरत होती. मला दाखवल्यावरसुद्धा दोनदा बोट फिरवून बघावी लागली.

मी घरी फोन केला आणि तिथंच चूक झाली. आईला वाटलं माझ्या किडनीत दोष निघाला. ती रडायलाच लागली, एकीचं तर गेलंच आता पोराचं पण काही निघालं. गावात दोन दिवसांत पसरलं की याची किडनी खराब आहे. ताई तर म्हणाली की राहू दे, मी आहे तशी बरी आहे, तू तुझी पोरं बघ.

म्हणून हे ठळक सांगतो, दोन आर्टरी असणं हा आजार नाही. साधारण चारातल्या एका माणसाला निदान एका बाजूला तरी जास्तीची आर्टरी असते, त्याला आयुष्यभर कळत पण नाही आणि काही त्रास पण होत नाही. तिथल्या एका निवासी डॉक्टर मुलीने मला हे इतकं छान समजावलं की मी आता सगळ्यांना तसंच सांगतो. आईच्या पोटात असताना किडनी आधी खाली ओटीपोटात तयार होते आणि मग हळूहळू वर सरकत कमरेच्या जागी येते. वर येताना ती वाटेत जिथं असेल तिथल्या मोठ्या वाहिनीतून रक्त घेते, पुढे गेली की नवीन नळी तयार होते आणि जुनी विरून जाते. काही जणांत जुनी विरत नाही, राहते. बस एवढंच. कधी कधी दोन्ही किडन्या खालच्या टोकाला जोडलेल्याच राहतात, नालेसारख्या, आणि वर येताना एका रक्तवाहिनीखाली अडकतात, ते पण पाचशेत एखाद्याला असतं. ती मुलगी म्हणाली, "काका, पुस्तकातलं चित्र असतं ना, ते बहुतेकांचं असतं, सगळ्यांचं नसतं." आणि मग म्हणाली की ताईंना बसवताना किडनी ओटीपोटातच बसवणार, म्हणजे ती जिथून निघाली होती तिथं जवळपास परत जाणार. हे ऐकून मला का कोण जाणे फार बरं वाटलं.

त्रास नाही तर मग एवढं महत्त्व का, हे मी सरांना सरळ विचारलं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागं काढून दाखवलं. किडनीतल्या आर्टरी एकमेकींना मदत करत नाहीत, प्रत्येकीचा आपला भाग ठरलेला. मला लगेच कळलं कारण आमच्या ड्रिपचं तसंच आहे, एका व्हॉल्व्हच्या ओळी त्या व्हॉल्व्हच्याच, तो बंद पडला तर शेजारचं पाणी तिकडं जात नाही, त्या ओळी वाळणारच. तर ती बारीक आर्टरी माहीत नसताना ऑपरेशनमध्ये कापली गेली तर एक म्हणजे रक्तस्राव, आणि दुसरं म्हणजे किडनीचा तेवढा तुकडा मरणार. वरच्या टोकाची अगदी बारीक असेल तर एकवेळ सोडून देतात, पण माझी खालच्या टोकाची होती आणि खालच्या टोकाची आर्टरी बरेचदा मूत्रनलिकेला पण रक्त पुरवते. ती गेली तर नलिका सडते आणि ताईच्या पोटात लघवी गळत राहिली असती. दोन एमएमच्या नळीवर एवढं सगळं!

मग उजवी का नाही घेत? हा प्रश्न बायकोचा. उजवीला आर्टरी एकच होती पण तिला निघाल्या निघाल्या लगेच फाटे फुटत होते, आणि उजव्या किडनीची शीर, म्हणजे रक्त परत नेणारी वाहिनी, मुळातच आखूड असते, डाव्याची लांब, जोडायला लांब शीर सोपी पडते म्हणून शक्यतो डावीच घेतात. त्यात पण डाव्या शिरेचं बघावं लागतं, ती सहसा महारोहिणीच्या, म्हणजे त्या मधल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, पुढून जाते, काहींची मागून जाते. माझी पुढूनच होती. मीटिंग होऊन ठरलं की डावीच घ्यायची आणि दोन्ही आर्टरी जपून जोडायच्या.

सरांनी सीडी मागितली नसती, आणि रिपोर्टवर विश्वास ठेवला असता तर काय, हा विचार अजून रात्री येतो. ज्यांनी पहिला रिपोर्ट दिला त्यांच्यावर माझा राग आहे, लपवत नाही. नजरचूक होते, पण इथं दोन माणसं टेबलावर झोपणार होती.

किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीचं थोडक्यात. भाऊबहीण अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक, त्यामुळे परवानगी लवकर मिळते, पण नातं सिद्ध करायला लागतं. जुनं रेशनकार्ड, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, लहानपणचे फोटो, बायकोचं संमतीपत्र. ताईचं माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं, दाखल्यावर तर तिसरंच काहीतरी लिहिलेलं, त्यासाठी ॲफिडेव्हिट करावं लागलं. मला एकट्याला बसवून व्हिडिओ चालू करून विचारलं की कोणी दबाव आणलाय का, पैसे घेतलेत का. प्रश्न कडक वाटतात पण विचारायलाच पाहिजेत. तिथल्याच समन्वयक मॅडमनी बायकोला रोनाल्ड हेरिकची गोष्ट सांगितली, २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये त्याने आपल्या जुळ्या भावाला किडनी दिली, ते पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट, आणि देणारा रोनाल्ड एका किडनीवर ५६ वर्षं जगला. शिक्षक होता आणि शेती पण करायचा. त्यातलं शेतीचं वाक्य बायकोने घट्ट धरून ठेवलं.

एप्रिलची छाटणी उरकली आणि जूनमध्ये ऑपरेशन झालं. माझं दुर्बिणीतून, पोटाला तीन छोटी भोकं आणि किडनी बाहेर काढायला खाली एक चीर. पहिली रात्र खांदा फार दुखला, पोटात गॅस भरतात त्याने, जखमेपेक्षा ते जास्त. चौथ्या दिवशी घरी. पुरुषांना कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, डाव्या अंडकोषात महिनाभर ठणका होता, तिकडची शीर डाव्या किडनीच्या शिरेला मिळते आणि ती कापावी लागते, आपोआप गेलं. अंगदुखीच्या गोळ्या मात्र आता विचारल्याशिवाय घेत नाही.

ताईचं सहा तास चाललं. किडनी बर्फात ठेवून आधी दोन्ही आर्टरी साफ केल्या, मोठी ताईच्या ओटीपोटातल्या आर्टरीला जोडली आणि ती बारीक कशाला जोडली तर ताईच्या पोटाच्या भिंतीला रक्त देणारी एक बारीक आर्टरी असते, ती मोकळी करून तिलाच. जाडी बरोबर जुळली म्हणाले. सर बाहेर आले तेव्हा दाजींना पहिलं वाक्य हेच बोलले की खालचं टोक पण गुलाबी झालंय.

डॉप्लर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, केला तेव्हा मी व्हीलचेअरवर तिच्या शेजारीच होतो. ताईने स्क्रीन आपल्याकडे वळवायला लावला. तांबडा निळा रंग आत पसरत होता, डॉक्टर खाली खाली सरकत गेले आणि अगदी टोकाला एक तांबडा ठिपका लुकलुकायला लागला, ठोक्यागणिक. ताईने माझा हात धरला तो डॉक्टर बाहेर गेले तरी सोडला नाही.

तरी सरांच्या मनात मूत्रनलिकेची धाकधूक होतीच, तिच्यात स्टेंट, म्हणजे आधाराची बारीक नळी, घातलेला, तो सहाव्या आठवड्यात काढला. काढल्यावर गळती व्हायची असेल तर होते असं आधीच सांगितलेलं. तेव्हा ताई आमच्याकडेच राहायला होती. गळती झाली तर लघवी कमी भरेल म्हणून प्लास्टिकच्या मापाने ती मोजायची आणि भाच्याच्या जुन्या वहीत वेळ टाकून लिहायची. तिसऱ्या दिवशी रात्री बारा वाजता दार वाजवलं, मी दचकून उठलो, तर वही पुढे करून उभी. चोवीस तासांची बेरीज २८०० एमएल. मला म्हणाली, "बघ, बरोबर केलीय का बेरीज." मी तिथंच उभं राहून परत केली, बरोबर होती.