ताज आतून बघताना

बाबांचं ठरलेलं वाक्य होतं: "ताज बाहेरून बघायचा असतो." गावाकडून पाहुणे आले की त्यांना गेटवेला न्यायचं, कबुतरं, लाँच, चणे, आणि पाठीमागे ताज. डोंबिवलीत इतकी वर्षं काढूनही आमच्यापैकी कुणी त्या दारातून आत गेलेलं नव्हतं. परवा आईला सत्तर पूर्ण झाली. काय हवं विचारलं तर म्हणाली, "एकदा ताजमधे चहा पाज." म्हणून हा उद्योग.

सीएसएमटीला उतरून टॅक्सी केली, पण काळा घोड्यापाशीच सोडली. तिथे एस्प्लनेड मॅन्शन आहे, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडहून जहाजाने आणला होता आणि १८९६ साली ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा इथेच दाखवली गेली. जमशेटजी टाटांना वॉटसनमधे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. इतिहासकार ती फारशी मानत नाहीत. गोष्ट चांगली आहे, हे मात्र खरं.

ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. गेटवे पूर्ण झाला १९२४ मधे, म्हणजे हॉटेल त्याच्याहून वीसेक वर्षांनी थोरलं. फोटोत दोघं जुळे वाटतात, ते सोडा. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० मधे वारले, आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने पुरं केलं. तेव्हा 'हॉटेल उलटं बांधलं गेलं म्हणून आर्किटेक्टने घुमटावरून उडी मारली' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. मात्र दार मागे होतं, हे खरं आहे. इमारतीच्या दोन पंखांच्या मधे, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे, तिकडून पाहुण्यांच्या गाड्या येत. आपण ज्याला दर्शनी बाजू म्हणतो ती मुळात खोल्यांना समुद्राचा वारा आणि देखावा देणारी बाजू.

आता आत. विमानतळासारखी तपासणी होते, बॅग मशीनमधून जाते. बॅग छोटी ठेवा. आम्ही जुन्या इमारतीशेजारच्या १९७३ च्या टॉवरमधून शिरलो. तिथल्या स्वागतकक्षामागे चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं तीन भागांचं मोठं चित्र आहे. तिथून दुकानांच्या कडेने चालत जुन्या इमारतीत, म्हणजे पॅलेसमधे. वाटेत २६/११ च्या हल्ल्यात हॉटेलात मृत्युमुखी पडलेल्या ३१ जणांचं स्मारक लागतं. आई थांबली, नावं वाचत राहिली. टीव्हीवर तो घुमट जळताना आम्ही तीन दिवस पाहिला होता. टॉवर २००८ च्या डिसेंबरातच पुन्हा उघडला, पण पॅलेस १५ ऑगस्ट २०१० पर्यंत बंद होता.

पॅलेसमधला मधला जिना हे या भेटीचं खरं कारण असावं, असं माझं मत. पायथ्याशी जमशेटजींचा अर्धपुतळा. एक रुंद पायरीरांग वर जाते, फुटते, दोन्ही अंगांनी वळते, आणि वर बघितलं की मजल्यामागून मजला, कमानी आणि लोखंडी जाळीचे कठडे थेट घुमटाच्या पोटापर्यंत चढत गेलेले. आई खाली वाकून पायऱ्यांची पाठ बघत होती. "अगं, खाली खांबच नाही!" खरंच नाही. जिना भिंतीतून बाहेर काढून तोललेला आहे. त्याचं श्रेय ठेकेदार खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांना देतात. माझी सूचना एवढीच की पहिल्या वळणावर थांबा, मोबाइल खिशात टाका आणि पाच मिनिटं फक्त वर बघा. कठड्याला हात लावा, नक्षी बोटांना कळते.

न राहणाऱ्यांना पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजपर्यंत, म्हणजे चहाच्या दालनापर्यंत, जाता येतं, खोल्यांच्या मजल्यांवर नाही. टेबल आधी फोनवर सांगून ठेवा आणि 'खिडकीपाशी' हे शब्द दोनदा उच्चारा. मी एकदाच उच्चारले, त्यामुळे आम्हाला दुसऱ्या ओळीतून गेटवेची फक्त डोकी दिसली. शनिवार-रविवार टाळा. बर्म्युडा आणि रबरी चपला घरी ठेवा. आईच्या साध्या सुती साडीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. चहाचा भाव बघून पोटात गोळा येतो, तेव्हा मेनू आधी ऑनलाइन पाहून मनाची तयारी करा, आणि कर वेगळे लागतात हे धरून चाला. आम्ही एक चहा, एक कॉफी आणि शेवपुरी दोघींत घेतली, त्याबद्दल कुणी भुवई उंचावली नाही. खरा शौक असेल तर पॅलेसमधे एक रात्र राहा. टॉवर नव्हे, पॅलेसच. बुकिंग करताना नीट बघा.

बाहेरून फोटो हवा असेल तर सकाळी लवकर या. दर्शनी बाजू पूर्वेकडे आहे. दुपारनंतर ती सावलीत जाते आणि झरोक्यांचं कोरीवकाम सपाट दिसायला लागतं. कोपऱ्यांवरचे छोटे घुमटही जरूर बघा, सगळेच मधल्या मोठ्या घुमटाकडे बघतात.

निघताना मी आईला लिफ्टकडे वळवत होते. तिने हात सोडवून घेतला. "जिन्यानेच उतरू. गुडघ्यांचं घरी बघू."