तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात बासरी कशाला?

"पन्नाशी आली, आता बासरी शिकून काय करणार?" ओळखीचे, नात्यातले, सगळेच विचारतात. कार्यक्रम करणार का, परीक्षा देणार का, हे त्यांना हवं असतं. दोन्ही नाही. मला बासरी वाजवायची आहे. कॉलेजात असल्यापासून वाजवायची होती. मग नोकरी आली, मुलं झाली, आईवडिलांची आजारपणं निघाली. ते सगळं करायचंच होतं, त्याची खंत नाही.

उशिरा सुरू केल्याचा तोटा आहे, आणि तो बोटांत आहे. बासरीची वरची तीन भोकं झाकली की सा, दोन झाकली की रे, एक झाकलं की ग. सगळी मोकळी सोडली की तीव्र म, म्हणजे चढा म. यमन रागात हाच म लागतो, म्हणून तो बासरीवर सरळ बसतो, एकही भोक अर्धं धरावं लागत नाही. शुद्ध म हवा असेल तर मात्र पहिलं भोक अर्धंच उघडायचं. भूप रागातल्या 'ग'च्या जागी शुद्ध म घेतला की दुर्गा रागाचे स्वर मिळतात. कागदावर एका स्वराचा फरक, पण बोटाला तो फार मोठा. बोट जरा जास्त उचललं की म चढतो, कमी उचललं की गकडे झुकतो, आणि किती उचलायचं याची खूण बासरीवर कुठेच नसते. लहान वयात हात हे पटकन उचलतो. माझ्या हाताला वेळ लागतोय.

कान मात्र लहान नाही. इतकी वर्षं ऐकत आले, त्यामुळे म किंचित उतरला तरी झोंबतो. सुरुवातीला याचाच त्रास व्हायचा: काय हवंय ते ऐकू येतं आणि हातून येत नाही. आज तोच माझा सगळ्यात मोठा आधार आहे. गुरुजी समोर नसले तरी कुठे बिघडलं ते कळतं. शिवाय तानपुरा लावून एकच सा धरून बसणं. हवा जास्त गेली की फुसफुस, ओठांचा कोन जरासा बदलला की सूर भरून येतो. विशीत याचा कंटाळा आला असता. आता त्या वेळेची मी दिवसभर वाट बघते.

बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया चित्रपटसंगीतात नाव झाल्यावर सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले, आणि सगळं नव्याने शिकायची तयारी दाखवण्यासाठी उजवीकडे धरायची बासरी त्यांनी डावीकडे धरली. बसलेला हात मोडून एवढा मोठा कलावंत पहिल्यापासून सुरुवात करतो. माझा तर हात अजून बसायचाच आहे.

विचारणाऱ्यांतल्या काहींना खरं तर स्वतःबद्दल विचारायचं असतं, ते मला त्यांच्या आवाजावरून कळतं. त्यांना सांगते: आधी शिकवणारं माणूस गाठा. पहिलीच बासरी फार लांब घेऊ नका. खालच्या 'प'साठी सहाही भोकं घट्ट झाकावी लागतात आणि लांब बासरीत बोटं ताणली जातात. आणि थोडा वेळ का होईना, रोज वाजवा.