टाकांवरचा भंडारा

एका वस्तुसंग्रहालयात धातूच्या वस्तूंचे जतन करण्याचे काम मी करते. त्यातला बराच वेळ हवेतला ओलावा मोजण्यात आणि नोंदवह्या भरण्यात जातो. नव्या दालनासाठी एका शेतकरी कुटुंबाने देवघरातले चांदीचे जुने टाक दिले, तेव्हा मात्र वेगळाच पेच समोर आला.

टाक म्हणजे ठशावर ठोकून उठाव दिलेला पातळ पत्रा. घोड्यावर खंडोबा, सोबत म्हाळसा, खाली कुत्रा. राखेने आणि चिंचेने पिढ्यान्‌पिढ्या घासून देवाचे नाकडोळे सपाट झाले होते, पण घोड्याच्या पायांमधल्या खोबणीत भंडारा घट्ट बसला होता. भिंगाखाली त्याचे थर स्पष्ट दिसत होते: तळाशी तेलाने काळवंडलेली हळद, तिच्यावर कुंकू, त्यावर पुन्हा हळद. हळदीचा रंग पाण्याने फारसा निघत नाही, अल्कोहोलने निघतो. बोळा फिरवला की एवढ्या वर्षांची पूजा कापसावर उतरते आणि कापूस कचऱ्यात जातो. दालनाच्या रचनाकारांना नेमके तेच हवे होते, कारण काळ्या मखमलीवर चांदी चकाकली पाहिजे होती. सराफाची पेढी आणि संग्रहालय यांत त्यांना फारसा फरक वाटत नसावा.

फलकाच्या मसुद्यात ‘धनगर लोककला, १९ वे शतक’ एवढेच होते. शेजारच्या दालनात विष्णूच्या हातांतील आयुधांचा क्रमसुद्धा दिलेला आहे, इथे देवाचे नावही नव्हते. खंडोबा धनगरांचा आहेच, पण टाक देणारे कुटुंब मराठा होते, आणि देशस्थ ब्राह्मणांपासून रामोश्यांपर्यंत कितीतरी घरांचा तो कुलस्वामी आहे. त्याचे मुसलमान भक्तही आहेत. मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या देवघरातही मल्हारीचा टाक आहे, पण त्याला ते लोककला म्हणत नाहीत.

उद्घाटनापूर्वी ते कुटुंब मांडणी पाहायला आले. नोंद क्रमांक घालताना मी आधी पॅरालॉइड या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळेचा पातळ थर देते, म्हणजे पुढे अ‍ॅसिटोनने आकडा पुसता येतो आणि धातूला धक्का लागत नाही. हे मी अभिमानाने समजावत असताना आजींनी मध्येच विचारले, “ताई, जेजुरीला देव भेटवायला न्यायचे झाले, तर हे तुम्ही देणार का?” मुलगा अवघडला. नवे टाक घडवल्यावर जुने नदीत सोडायचे, त्याऐवजी संग्रहालयाला देऊ, असे त्यानेच घरी पटवले होते. आजी म्हणाल्या, “नदीत सोडले असते तर विचारलं नसतं. तुम्ही तर मांडून ठेवलेत.”

परळला १९३१ साली रस्त्याच्या कामात सापडलेले भव्य शिवशिल्प आजही बारादेवीच्या मंदिरात पूजेत आहे आणि त्याची प्रतिकृती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो दाखला देऊन मी सुचवले की, आपणही प्रतिकृती मांडावी आणि मूळ टाक मागितल्यावर जेजुरीला जाऊ द्यावेत. प्रतिकृती पाहायला कोणी येत नाही, असे उत्तर मिळाले. परळच्या प्रतिकृतीसमोर उभे राहणाऱ्यांना त्यांनी कधी पाहिले नसावे.

दोन टाक न पुसता ठेवण्यास परवानगी मिळाली. फलकावर कुलस्वामी, देवभेट आणि भंडाऱ्याचे थर यांविषयी मी चार ओळी लिहिल्या. अक्षरांचा आकार सांभाळण्यासाठी रचनाकारांनी त्यांतली देवभेटीची ओळ गाळली. आजींच्या मागणीची फाइल समितीपुढे आहे आणि तिच्यात टाकांच्या विम्याची रक्कम किती धरावी, एवढ्यावरच आतापर्यंत शेरे पडले आहेत.